बॅरलवरची दुसरी तारीख

चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट लागतो, त्याला जुनी माणसं आजही औट्रम घाट म्हणतात. हा जेम्स औट्रम म्हणजे १८२५ साली खानदेश भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. पलटणीचं ठाणं धरणगावात होतं. कालपर्यंत डोंगरात राहून इंग्रजांशी लढणाऱ्यांच्याच हाती सरकारी बंदूक देऊन त्यांना शिपाई करायचं, असा तो बेत होता. देशी माणसाला बंदूक द्यायची, पण किती चांगली द्यायची, हा प्रश्न इंग्रजांना तेव्हापासून शेवटपर्यंत सुटला नाही. आपल्याकडच्या जुन्या लष्करी रायफली तपासताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण या देशात बंदुकीची दुरुस्ती नेहमीच ती सुधारण्यासाठी झालेली नाही.

१८५७ च्या उठावानंतर तर देशी शिपायावरचा संशय थेट नळीत उतरला. देशी पलटणींना दिलेल्या एनफिल्ड बंदुकांच्या नळीतले आटे काढून टाकले गेले आणि नळी आतून गुळगुळीत झाली. परिणामी गोळीचा नेम लांबवर टिकेना. गोऱ्या सैन्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी देशी शिपायाकडे आली. पुढे विसाव्या शतकात पोलिसांसाठी थ्री नॉट थ्रीवरूनच .४१० मस्कट बनवली गेली. तिची नळी गुळगुळीत होती आणि एका वेळी एकच काडतूस भरता येई. अशी मस्कट पाहायला मिळाली तर मॅगझीनच्या जागी हात लावून पाहावा. तिथे लाकडी ठोकळा बसवलेला असतो. लांबून ती हुबेहूब थ्री नॉट थ्री दिसते, पण जवळून पाहिली की तिचा अर्धा जीव काढून घेतलेला आहे हे कळतं.

खुद्द थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, खानदेशातल्या माणसाला अनोळखी नाही. पोलीस गार्डाच्या खांद्यावर, मानवंदनेच्या फैरींत, एनसीसीच्या कवायतीत ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ समोर उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती पिढ्यान्‌पिढ्या बनली आणि दुरुस्तही झाली.

तपासणी सुरू करावी ती रायफल रिकामी असल्याची खात्री करून, आणि मग दस्त्यापासून. दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो तिच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली बादशहाची अक्षरं (इशापुरी रायफलीवर जी. आर. आय.), कारखान्याचं नाव, नमुना आणि साल असतं. स्वातंत्र्यानंतरच्या इशापुरी रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. हे साल मनात ठेवून बॅरलच्या मागच्या जाड भागावरची तारीख पाहावी. वर्षभराचं अंतर असेल तर त्याचं काही नाही, कारण बॅरल आधी बनून पडलेलं असू शकतं. पण खोबणीवर १९१७ आणि बॅरलवर १९४३ असेल, तर ती रायफल एका महायुद्धासाठी जन्मली आणि दुसऱ्यासाठी पुन्हा उभी केली गेली. जवळपास एफ. आर. हा शिक्का सापडला तर शंकाच उरत नाही. कारखान्यात दुरुस्ती झाल्याची ती उघड कबुली आहे.

मग क्रमांक. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, बॉडीवर, बॅरलवर, मागच्या साइटवर आणि तोंडाजवळच्या टोपीवर एकच क्रमांक हवा. जुना क्रमांक खोडून शेजारी नवा ठोकलेला असेल तर ते आर्मोररचं काम समजावं, त्यात वावगं काही नाही. खरी काळजी बोल्टचा क्रमांक वेगळाच असेल तेव्हा करावी. काडतुसाच्या बुडाशी किती फट राहते हे बोल्टवर ठरतं; फट जास्त झाली तर पितळी कवच फाटू शकतं. ते मोजायला गेज लागतं, नजरेचं ते काम नाही.

इशापूरचा काळा रंग मात्र नजरेला सहज फसवतो. भट्टीत पक्का केलेला हा जाड रंग पाहून रायफल नवी वाटते. तिरप्या उजेडात धरली की रंगाखाली देवीच्या व्रणांसारखे जुन्या गंजाचे खड्डे उमटतात आणि शिक्क्यांच्या कडा घासून बोथट झालेल्या दिसतात. लाकडातही असंच. दस्ता एका रंगाचा आणि पुढचा भाग दुसऱ्या रंगाचा, मध्ये नीट बसवलेला ठिगळाचा तुकडा, आणि मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू. लाकूड तडकू नये म्हणून मारलेला हा स्क्रू भारतीय दुरुस्तीची ओळखच झाला आहे. पुढच्या भागावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठीची रायफल.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चौकोनी मॅगझीनची, ७.६२ मिमीची इशापूर २ए आणि २ए१ ही जुन्या थ्री नॉट थ्रीला नवं बॅरल लावून केलेली नाही. १९६० च्या दशकात ती अधिक मजबूत पोलादात नव्याने घडवली गेली.

हे सगळं आपल्याकडे खरेदीसाठी उपयोगाचं नाही. .३०३ आणि ७.६२ या लष्करी काडतुसांच्या रायफली सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणूनच नागरिकांसाठी .३१५ निघाली. सरकारने विकलेल्या इशापुरी रायफलींची मोठी संख्या अमेरिकेत गेली. तिथल्या संग्राहकांत दुरुस्त झालेल्या रायफलीला कमी लेखायची रीत आहे, आणि काहीजण तो काळा रंग खरवडून खाली ‘मूळ’ रूप शोधतात. मला हे मुळीच पटत नाही. इंग्लंडात बनलेली रायफल इथे आली, झिजली, इशापूरच्या कामगाराने तिला नवं लाकूड आणि नवं बॅरल दिलं आणि ती पुन्हा शस्त्रागारात रुजू झाली, यातला कुठला टप्पा खोटा म्हणायचा? लबाडी वेगळी असते. खैबर खिंडीकडच्या गावठी नकलांत मुकुट वाकडा असतो, इंग्रजी अक्षरं उलटी पडतात, आणि साल त्या राजाच्या कारकिर्दीत बसतच नाही.

आपल्याकडे अशा रायफली उरल्या आहेत त्या पोलीस मुख्यालयांत, संग्रहालयांत आणि कवायतीसाठी निकामी करून डी. पी. शिक्का मारलेल्या. समारंभापूर्वी त्यांना पॉलिश पेपर मारून, वार्निश फासून चमकवलं जातं, आणि शिक्के, क्रमांक, लाकडावरची पलटणीची खूण एका दुपारीत पुसली जाते. जवसाच्या तेलाचा हात लाकडाला पुरतो, लोखंडाला तेलाची चिंदी. आणि हात लावण्याआधी प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढून, दोन्ही तारखांसकट, नोंदवहीत लिहून ठेवावं.