आधी पाणी, मग विस्तव

थंडीच्या दिवसांत सकाळी अंघोळीला गरम पाणी हवेसे वाटते. आज अनेक घरांत बटण दाबले की गरम पाणी मिळते. पूर्वी मात्र महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या अंगणात किंवा मागील दारी तांब्याचा बंब असे. तुम्ही तो पाहिला नसेल, तर आपल्या दादीला किंवा नानीला विचारा. बंब पेटवताना घरातील मोठी माणसे मुलांना बजावत, "आधी पाणी भर, मग विस्तव घाल." ही सूचना एवढी महत्त्वाची का होती, ते आज आपण पाहू.

प्रथम बंबाची रचना समजून घ्या. बंब म्हणजे तांब्याचे किंवा पितळेचे उभे, गोल भांडे. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रुंद नळी असते. नळीच्या तळाशी जाळी असते. नळीत वरून लाकडाच्या ढलप्या, कोळसे किंवा नारळाच्या करवंट्या टाकतात. राख जाळीतून खाली पडते आणि धूर वर निघून जातो. नळीच्या भोवती पाणी असते आणि ते तोटीतून काढून घेता येते.

आता चुलीवरचा हंडा आठवा. चुलीतील जाळ हंड्याच्या बाहेर असतो. त्याची बरीच उष्णता आजूबाजूला निघून जाते. बंबात मात्र विस्तव पाण्याच्या पोटात असतो. त्यामुळे त्याची बरीचशी उष्णता पाण्यालाच मिळते. म्हणून थोड्या सरपणात पुष्कळ पाणी तापते.

बंबाचे सांधे कथील आणि शिसे यांच्या डाखाने जोडलेले असतील, तर एक धोका असतो. असा डाख सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. नळीतील निखारे तर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असतात. मग डाख वितळत का नाही ? कारण पाणी सतत उष्णता ओढून घेते. पाणी १०० अंशांना उकळते आणि त्याला लागून असलेला धातू त्याहून फारसा तापत नाही. पाणी नसेल, तर उष्णता घेणारे कोणीच उरत नाही. धातू तापत जातो, डाख वितळतो आणि बंब गळू लागतो. म्हणजे बंबातील पाणी केवळ तापत नाही, ते बंबाचे रक्षणही करते.

हाच नियम दूरच्या थंड देशांतही पाळावा लागतो. स्वीडन, फिनलंड, कॅनडा, अमेरिका या देशांत काही लोक अंगणात गरम पाण्याचा मोठा टब ठेवतात. बाहेर बर्फ पडत असतानाही ते गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसतात. एवढे पाणी उघड्यावर कसे तापवतात ?

काही टब लाकडाचे असतात. त्यात धातूची एक बंद शेगडी पाण्यात बुडवून बसवलेली असते. तिचे तोंड आणि धुराडे तेवढे पाण्याच्या वर असते. बसणाऱ्याचा पाय तिला लागू नये म्हणून मध्ये लाकडी कठडा असतो. पाहा बरे, हा आपल्या बंबाचाच भाऊबंद आहे ! गरम पाणी हलके होऊन वर येते आणि थंड पाणी तळाशी राहते, म्हणून अधूनमधून वल्ह्याने पाणी ढवळावे लागते. या शेगड्या पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. टब रिकामा असताना शेगडी पेटवली, तर ती वितळून निकामी होऊ शकते. तेथेही सूचना तीच : आधी पाणी, मग विस्तव.

दुसऱ्या प्रकारचे टब विजेवर चालतात. त्यांत पंप पाणी ओढून घेतो. ते पाणी गाळणीतून जाते, मग एका धातूच्या नळीतून वाहते आणि पुन्हा टबात येते. या नळीत हीटर असतो. हीटरच्या आत बारीक तार असते. तारेतून वीज गेली की ती तापते. तारेभोवती दाबून भरलेली एक पांढरी भुकटी असते. ती उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. तारेवर धातूचे आवरण असते.

येथे पाण्याकडे लक्ष ठेवण्याचे काम यंत्र करते. नळीतून पाणी वाहत नसेल, तर हीटर सुरूच होत नाही. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि पाणी थोडे निवले की पुन्हा सुरू करतो. बिघाड होऊन पाणी फारच तापले, तर दुसरा एक स्विच वीज तोडतो. वीज कोठे गळू लागली, तर क्षणात पुरवठा बंद करणारी सोयही असते.

आता एक हिशेब करू. १ लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. टबात १००० लिटर पाणी आहे आणि ते १५ अंशांपासून ३८ अंशांपर्यंत तापवायचे आहे. म्हणजे १००० × २३ × ४.२ = ९६,६०० किलोज्यूल. ३ किलोवॅटचा हीटर दर सेकंदाला ३ किलोज्यूल उष्णता देतो. म्हणून त्याला जवळजवळ ९ तास लागतील ! एवढ्या कष्टाने मिळवलेली उष्णता उडून कशी जाऊ द्यायची ? म्हणून टबावर जाड झाकण ठेवतात. उघड्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. माठात जे आपल्याला हवे असते, तेच येथे नको असते.

टबातील पाणी ४० अंशांपेक्षा अधिक गरम ठेवू नये, असे सांगतात. त्याहून गरम पाण्यात बसल्यास शरीराचे तापमान वाढते, चक्कर येते. लहान मुलांना तर हा त्रास लवकर होतो.

मित्रांनो, असा टब आपल्या घरी नसेल. पण पाणी तापवायची विजेची दांडी अनेक घरांत असते. तिला पाणी आहे की नाही हे कळत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागते. बादली भरा, दांडी खुणेपर्यंत बुडवा आणि मगच बटण दाबा. पाणी तापले का हे पाहण्यासाठी त्यात बोट मुळीच घालू नका. आधी बटण बंद करा, पिन काढा, मग पाण्याला हात लावा. या एका चुकीने जीव जाऊ शकतो. तसेच बंब किंवा शेगडी कधीही बंद न्हाणीघरात पेटवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो प्राणघातक असतो. बंब अंगणात ठेवला जाई, त्यात हेही शहाणपण होते.

शब्दार्थ
विस्तव – आग, अंगारे
उष्णता – गर्मी, हरारत
सरपण – जळणाची लाकडे
तोटी – टोंटी
डाख – धातूचे सांधे जोडण्याचा मिश्रधातू
निवणे – थंड होणे
न्हाणीघर – गुसलखाना

स्वाध्याय
१. चुलीवरच्या हंड्यापेक्षा बंबात पाणी कमी सरपणात का तापते ?
२. बंबात पाणी नसताना विस्तव घातल्यास काय होते ?
३. विजेच्या टबात पाणी वाहत नसेल, तर काय होते ?
४. कारण सांगा : गरम पाण्याच्या टबावर झाकण ठेवतात.
५. तुमच्या घरी पाणी कसे तापवतात, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.