पेटतो तो द्रव नव्हे, वाफ!

२९ डिसेंबर २००८. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यक सिरिंजमध्ये रसायन ओढून घेत होती. हवेचा स्पर्श होताच पेटणारे हे रसायन पेन्टेन या द्रावकात विरघळवलेले होते. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव उडाला आणि तिच्या अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिने अ‍ॅप्रन घातला नव्हता. १८ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. बरोबर वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. तारखेचा योगायोग वगळता या घटनांत साम्य शोधण्याचे कारण नाही. मात्र प्रयोगशाळेतील आग किती झटपट घात करते, हे दोन्हींतून दिसते.

ईथर, अ‍ॅसिटोन, हेक्झेन, टोल्यूइन यांसारख्या द्रावकांबाबत एक गैरसमज रूढ आहे. वास्तविक पेटतो तो द्रव नव्हे, तर त्याची हवेत मिसळलेली वाफ. ठिणगी पडताच भडकण्याइतकी वाफ ज्या तापमानाला तयार होऊ लागते, तो त्या द्रवाचा ‘फ्लॅश पॉइंट’. अ‍ॅसिटोनचा तो उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर ईथरचा उणे ४५. म्हणजे बर्फात ठेवलेले ईथरही सुरक्षित नाही. त्यातून ते सुमारे साडेचौतीस अंशांना उकळते. मुंबईतील मे महिन्याची दुपार त्याला पुरेशी आहे!

ही वाफ हवेच्या अडीचपट जड असल्याने वर न जाता टेबलावरून, जमिनीलगत सरपटते. बर्नर दुसऱ्या टोकाला आहे, हे समाधान म्हणूनच फसवे. वाफ तिथवर पोहोचते आणि ज्वाला तिच्याच वाटेने बाटलीपर्यंत परत येते. ज्वालाच हवी असेही नाही. तापलेल्या हॉट प्लेटचा पृष्ठभाग ईथरला पेटवू शकतो. कार्बन डायसल्फाइडला तर शंभर अंशांच्या आसपासची उष्णता, म्हणजे वाफेची गरम नळीही पुरते.

घरगुती फ्रिज हा असाच दुर्लक्षित धोका. त्यातील थर्मोस्टॅट आणि दिव्याचे बटण ठिणगी पाडते, आणि बंद कपाटात वाफ साचलेली असते. द्रावकांसाठी आतून ठिणगीरहित असलेलाच फ्रिज लागतो. तिथे डबा ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

द्रावक ओतायचे ते फ्यूम हूडमध्ये, आणि टेबलावर हवे तेवढेच ठेवून. धातूच्या पिंपातून डब्यात घेताना दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग द्यावे लागते, कारण हेक्झेन, टोल्यूइन वाहताना स्थिर विद्युतभार साचतो. ईथरची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हातही लावू नये, जाणकारांना बोलवावे.

आग लागलीच तर पाणी ओतू नये. ईथर, हेक्झेन, टोल्यूइन पाण्यावर तरंगतात आणि आग पसरते. लहानशा बीकरवर काच झाकली तरी ती विझते. मोठ्या आगीला कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचे उपकरण लागते. कपडे पेटल्यास मात्र थेट सेफ्टी शॉवरखाली जायचे. तो कुठे आहे आणि त्याला पाणी येते का, हे प्रयोग सुरू करण्याआधी साखळी ओढून पाहावे.