उत्पन्नमर्यादा आणि उत्पन्नाची मोजणी : महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांच्या बदलत्या पात्रतानियमांचा विचार

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसल्याबद्दल सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्याचे आर्थिक जीवन मात्र अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील इतर अनेक गावांसारखेच आहे. परिसरात ऊस आहे, जवळ सोनईस मुळा सहकारी साखर कारखाना आहे, आणि शनिवारी व शनि-अमावास्येस येणाऱ्या यात्रेकरूंच्या आधारे तेल, माळा व पूजासाहित्य यांची दुकाने चालतात. अशा गावातील मूल महाविद्यालयात गेले म्हणजे त्याला शासकीय साहाय्य मिळणार की नाही, हे बहुतांशी एका कागदावरून ठरते. तो कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला होय. उत्पन्नाची मर्यादा किती असावी याविषयी सार्वजनिक चर्चा नेहमी होते. ते उत्पन्न मोजावे कसे, याविषयी मात्र ती क्वचितच होते. वस्तुतः पात्रतेचा निर्णय या दोन्ही गोष्टींवर सारखाच अवलंबून असतो.

मर्यादेचा इतिहास

शासकीय साहाय्याच्या दोन धारा प्रथमपासून वेगळ्या राहिल्या आहेत. पहिली सामाजिक मागासलेपणावर आधारलेली आहे. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, आणि काही वर्षांतच अनुसूचित जमातींनाही तिचा लाभ मिळू लागला. दुसरी धारा केवळ आर्थिक निकषाची. तत्कालीन मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांस फी-माफी देण्यात आली. तीच पुढे ‘ई.बी.सी. सवलत’ या नावाने घरोघरी परिचित झाली. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा प्रारंभी ९०० रुपये होती व लवकरच १२०० रुपये झाली.

हे १२०० रुपये आजच्या मापाने किती, हे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढता येते. या निर्देशांकाची पायाभूत वर्षे १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी बदलत गेली. ती जोडणारे गुणक अनुक्रमे ४.९३, ४.६३ आणि २.८८ आहेत. त्यांचा गुणाकार सुमारे ६६ येतो. म्हणजेच १९६० चे १२०० रुपये २०१६ मध्ये सुमारे ७९,००० रुपयांच्या बरोबरीचे ठरतात. २०१६ पर्यंत ही सवलत एक लाखाच्या मर्यादेपर्यंत आली होती. यावरून असे दिसते की साडेपाच दशकांत आकडा ऐंशीपटींहून अधिक वाढला, तरी खऱ्या मूल्यात मर्यादा जेमतेम सव्वापट झाली. कागदावरील बरीचशी वाढ म्हणजे महागाईने आधीच हिरावलेली पात्रता परत देणे होते.

ऑक्टोबर २०१६ पासून मात्र चित्र पालटले. राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा सहा लाखांवर नेली. अडीच लाखांवरील उत्पन्नगटास ६० टक्के गुणांची अट होती. ती पुढे सैल करण्यात आली. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने चालू असलेल्या या योजनेची मर्यादा २०१८ मध्ये आठ लाख झाली. हा केवळ आकड्याचा बदल नव्हे. दरिद्री कुटुंबासाठी असलेली सवलत येथे मध्यम वर्गापर्यंत पोचली, आणि व्यावसायिक शिक्षणाच्या वाढलेल्या शुल्काचा भार अंशतः उचलणे हे तिचे मुख्य कार्य बनले.

याउलट, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१३ मध्ये अडीच लाखांची मर्यादा ठरली. २०२१ मध्ये केंद्र व राज्य यांच्यात खर्चाची ६०:४० अशी वाटणी ठरवणारी सुधारित नियमावली आली, तेव्हाही मर्यादा तीच राहिली. मर्यादेपलीकडील विद्यार्थ्यास राज्याकडून शुल्कमाफी मिळते, परंतु निर्वाहभत्ता मिळत नाही. स्थिर ठेवलेली मर्यादा अशा रीतीने कोणताही आदेश न निघता दरवर्षी काही कुटुंबांना एका वर्गातून दुसऱ्यात ढकलते.

एकच घर, अनेक उत्पन्ने

आता मोजणीकडे वळणे इष्ट आहे. नोकरदाराचे उत्पन्न वेतनपत्रकावरून कळते. शेतकऱ्याचे उत्पन्न तलाठ्याच्या चौकशीवरून, सातबारा व आठ-अ यांतील नोंदींवरून ठरते. सातबारा पीक आणि क्षेत्र सांगतो. खर्च, कर्ज वा मिळालेला भाव सांगत नाही. यात्रेच्या वाटेवरील दुकानाचे उत्पन्न तर कोणत्याच नमुन्यात नसते.

शिवाय पीक आर्थिक वर्षाचे बंधन पाळत नाही. उदाहरणादाखल शिंगणापूरच्या परिसरातील तीन एकरांचे, अनुसूचित जातीतील एक कुटुंब कल्पावे. जुलै २०२२ मध्ये लावलेला आडसाली ऊस सुमारे सतरा महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये तुटतो, आणि त्याचा खोडवा पुढील वर्षी जातो. लावणीचा ऊस १४० टन, खोडवा ९० टन आणि भाव टनास ३००० रुपये धरल्यास २०२२-२३ मध्ये उसाचे उत्पन्न शून्य, २०२३-२४ मध्ये ४ लाख २० हजार, व २०२४-२५ मध्ये २ लाख ७० हजार रुपये येते. हे सर्व खर्च वजा न करता. तीन वर्षांची सरासरी २ लाख ३० हजार, म्हणजे अडीच लाखांच्या आतच आहे. तथापि एकेका वर्षाचा दाखला घेतल्यास हे कुटुंब पहिल्या वर्षी पात्र व पुढील दोन्ही वर्षी अपात्र ठरेल. मुलाची बुद्धी, घरची जमीन, घरचे दारिद्र्य यांत काहीच बदललेले नसते. बदललेले असते ते केवळ दाखल्याचे वर्ष.

निरनिराळ्या नियमांत उत्पन्नाची व्याख्याही निरनिराळी आहे. इतर मागास वर्गातील उन्नत गट ठरवण्याची केंद्राची पद्धत १९९३ ची. तीत उत्पन्नाच्या कसोटीसाठी वेतन व शेती यांचे उत्पन्न धरले जात नाही, आणि सलग तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. तिची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख होती. २००४, २००८, २०१३ व २०१७ या वर्षी ती अनुक्रमे अडीच, साडेचार, सहा व आठ लाख झाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषातही आठ लाख हाच आकडा आहे. परंतु तेथे शेतीसह सर्व मार्गांचे, लगतच्या एकाच वर्षाचे उत्पन्न मोजले जाते, आणि पाच एकर वा अधिक शेतजमीन असल्यास कुटुंब वगळले जाते. आकडा एक, परंतु माप दोन. शेजारच्या दोन घरांची मिळकत सारखी असूनही त्यांचे ‘उत्पन्न’ सारखे राहत नाही.

शुल्क आणि निर्वाह

तिसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. पात्रता आता विद्यार्थ्याच्या घरावरच नव्हे, तर त्याने घेतलेल्या प्रवेशावरही अवलंबून आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पूर्वी त्यांना पन्नास टक्के लाभ होता. हा निर्णय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु तो केंद्रीभूत प्रक्रियेने झालेल्या प्रवेशांसाठी आहे. अनुदानित महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्या मुलीचे शुल्क मुळातच अल्प असते. तिची अडचण असते ती बसभाड्याची, खोलीची आणि जेवणाची.

ज्यांचे नाव योजनेस दिले आहे त्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांवर भर दिला, तो याच जाणिवेने. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना त्याच परंपरेतील म्हणता येईल. तीत अल्पभूधारक व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांस अधिक भत्ता मिळतो. येथेही पुरावा हाच निर्णायक ठरतो. दोन एकरांच्या मालकाजवळ सातबारा असतो; ज्याची नोंद कोठेच नाही अशा भूमिहीन शेतमजुराजवळ दाखवण्यास काहीच नसते. याला अपवाद दुष्काळाचा. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ होते. तेथे घराचे उत्पन्न न पाहता प्रदेशाची आपत्ती पाहिली जाते.

निष्कर्ष

या विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मर्यादा किंमत निर्देशांकाशी जोडलेली नसेल, तर ती आपोआप खाली सरकते. शेतीप्रधान कुटुंबाचे उत्पन्न एका वर्षाच्या दाखल्याने मोजणे सदोष आहे. उन्नत गटाच्या कसोटीतील तीन वर्षांचे तत्त्व शिष्यवृत्तीलाही लावणे न्याय्य ठरेल. आणि शुल्कमाफी कितीही विस्तारली, तरी निर्वाहाचा खर्च विचारात न घेणारा नियम गावातील विद्यार्थ्याच्या खऱ्या गरजेपर्यंत पोचत नाही. २०१७-१८ पासून अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर स्वीकारले जाऊ लागले, त्यामुळे रक्कम थेट खात्यात जाण्याची सोय झाली. परंतु संगणक दाखल्यावरील आकडा वाचतो. तो आकडा कसा आला, हे त्यास ठाऊक नसते. तो शोध तालुक्या-तालुक्यांत जाऊन करावयाचा आहे, आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी ते क्षेत्र अद्याप मोकळे आहे.