बोटावरचा थेंब

मधुमेह झाला की पूर्वी आपण लघवी तपासून स्वस्थ बसत असू. परंतु १०० मिलिलिटर रक्तात साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून ती लघवीत सहसा उतरत नाही. ७० च्या खाली घसरल्याचा धोका तर लघवी सांगतच नाही. म्हणून घरी रक्त तपासावे. आधी हात धुऊन पुसावेत; बोटाला आंब्याचा रस राहिला तर यंत्र भलताच आकडा दाखवील. सुई बोटाच्या कडेला टोचावी; तेथे कमी दुखते. आकडा आणि जेवणाची वेळ वहीत टिपावी. आकडा वाढला की आपण नेमकी तीच वही डॉक्टरांपासून लपवितो! परंतु औषधाचे प्रमाण ठरविताना त्यांना तिचाच आधार असतो. हिशेब लपवून नुकसान आपलेच.