सेऊणदेशाच्या यादवांचे सामंतपर्व

सेऊणदेशाच्या यादवांचे सामंतपर्व म्हणजे नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भिल्लम पाचवा याने इ.स. ११८७ च्या सुमारास स्वतंत्र सत्ता स्थापन करेपर्यंतचा काळ. या काळात यादव घराणे प्रथम राष्ट्रकूटांचे व नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. देवगिरीच्या वैभवापुढे हे पर्व बहुधा दोन ओळींत आटोपले जाते. वास्तविक मांडलिकत्वाची वर्षे तीनशेहून अधिक भरतात, सार्वभौमत्वाची मात्र जेमतेम सव्वाशे.

प्रदेश

आजचा नाशिक जिल्हा व त्यालगतचा मुलूख हा सेऊणदेशाचा गाभा होय. दृढप्रहाराचे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड आणि सेऊणचंद्र पहिला याने वसविलेले सेऊणपूर म्हणजे सिन्नर, असे सामान्यतः मानले जाते. येवला तालुक्यातील अनकाई-टंकाई ही जोडगोळी खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या जुन्या वाटेवर उभी आहे. टंकाईच्या पायथ्याशी जैन लेणी आहेत.

संबंधांचे स्वरूप

मांडलिक म्हणजे केवळ खंडणी भरणारा नव्हे. युद्धप्रसंगी सैन्यासह हजर राहणे हे त्याचे मुख्य कर्तव्य. त्याच्या मोबदल्यात 'महासामंत' ही पदवी आणि 'पंचमहाशब्द', म्हणजे पाच वाद्यांच्या गजराचा मान, मिळे. हे नाते विवाहाने दृढ होई. वद्दिगाची पत्नी राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा याची पुतणी होती. भिल्लम तिसरा याची पत्नी आव्वल्लदेवी ही चालुक्य जयसिंह दुसरा याची कन्या.

निष्ठा मात्र घराण्यापेक्षा सत्तेला वाहिलेली असे. राष्ट्रकूट मावळताच भिल्लम दुसरा हा चालुक्य तैलपाच्या पक्षास मिळाला आणि माळव्याच्या मुंजाविरुद्ध लढला. शके ९२२ (इ.स. १०००) च्या संगमनेर ताम्रपटात या पराक्रमाचा गौरव आहे. पुढे चालुक्यांच्या भाऊबंदकीत सेऊणचंद्र दुसरा याने विक्रमादित्य सहावा याची बाजू घेतली. हा कौल अचूक ठरला.

मांडलिकाचे मांडलिक

चाळीसगावजवळील वाघळी येथील शके ९९१ (इ.स. १०६९) चा शिलालेख मौर्य कुळातील गोविंदराजाचा आहे. हा गोविंदराज सेऊणचंद्राचा मांडलिक, तर सेऊणचंद्र स्वतः चालुक्यांचा. सत्तेची उतरंड अशी तीन पायऱ्यांची होती. यादव सार्वभौम झाल्यावरही ती मोडली नाही. फक्त वरची पायरी त्यांची झाली. पाटण येथील निकुंभ हे त्यांचे मांडलिक. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठास निकुंभ सोइदेवाने दान दिल्याची नोंद शके ११२८ च्या लेखात आहे. सिद्धांतशिरोमणीच्या अध्यापनाला असा एका मांडलिकाचा आश्रय लाभला, हे विशेष.

पुन्हा मांडलिकत्व

इ.स. १२९६ मधील अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर रामचंद्रदेव यादवाने खंडणी मान्य केली. ती थकल्यावर मलिक काफूरने त्यास दिल्लीस नेले. तेथे सन्मान व पदवी देऊन त्यास राज्यावर परत पाठविण्यात आले. त्यानंतर होयसळांवरील मोहिमेत त्याने दिल्लीच्या सैन्यास साहाय्य केले, म्हणजे सामंताचेच जुने कर्तव्य बजावले. त्याच्या पुत्राने खंडणी नाकारताच काफूर पुन्हा देवगिरीवर चालून आला व तो पुत्र मारला गेला.