विकतच्या खोगिराचा रंग

माल विकला गेला की व्यापाऱ्याची नजर गल्ल्याकडे वळते. त्या मालाचे पुढे काय होते, याचा विचार तो क्वचितच करतो. अमेरिकेत न्यू जर्सी येथे आमच्या भाच्याकडे मुक्काम असता हा विचार करणे आम्हांस भाग पडले. त्याच्या कन्येच्या फडताळात प्लॅस्टिकचे घोडे ओळीने उभे होते. खोगीर, लगाम, बादली हे सारे सामान बाजारातले. परंतु मूळ रंगात एकही वस्तू राहिली नव्हती!

घोडे ब्रायर कंपनीचे. शिकागोच्या या कारखान्याने १९५० च्या सुमारास एका घड्याळ कंपनीसाठी घड्याळाशेजारी उभा करावयाचा घोडा घडविला. घड्याळ मागे पडले, घोडा मात्र खपू लागला. त्याचे खोगीर काढता-घालता येई. आज या कंपनीच्या मोठ्या मालिकेतील घोडे खऱ्याच्या सुमारे एक-नवमांश मापाचे असतात.

विकतचे खोगीर एकरंगी व चकचकीत असते. वापरातले खोगीर तसे नसते. बसण्याची जागा घासली जाते, शिवणीत मळ साचतो. छंदिष्ट लोक खऱ्या चामड्याचीही चिमुकली खोगिरे करतात. भाच्याच्या घरी चामडे वर्ज्य, म्हणून सारी भिस्त रंगावर. मुलगी प्रथम वस्तू साबणाने धुई, कारण साच्यातील तेलकटपणा राहिला तर रंग सोलून निघतो. मग पॉलिशकागद, अस्तर आणि ॲक्रिलिक रंगाचे तीन पातळ हात. एक जाड हात कधीच नाही. त्यावर गडद तपकिरी रंगाचे पाणी फासून ती लगेच पुसून घेई. ते केवळ खाचांत राही, आणि कोरे खोगीर दहा वर्षे वापरल्यासारखे दिसू लागे. शेवटी चकाकी न आणणारे वार्निश.

आम्हीही उत्साहाने मऊ व्हायनिलच्या लगामावर फवाऱ्याच्या डब्यातला रंग मारला. आठ दिवसांनीही तो बोटाला चिकटे! व्हायनिल मऊ ठेवणारे द्रव्य रंगात उतरून त्यास वाळू देत नाही, हे ज्ञान लगाम वाया गेल्यावर मिळाले.

या छंदाच्या प्रदर्शनांत मूळ रंगाचे व पुन्हा रंगविलेले घोडे वेगवेगळ्या वर्गांत पारखले जातात. मुलीने एक खोगीर विकावयास काढले, तेव्हा चिठ्ठीवर लिहिले : ‘रंग माझा. उजव्या रिकिबीचा पट्टा तुटलेला, जोडला आहे.’ जोड नुसत्या डोळ्यांस दिसत नव्हता. पट्ट्याचा उल्लेख कशाला, असे आम्हीच म्हणालो. चाळीस वर्षांची दुकानदारी बोलली!

“आजोबा,” ती म्हणाली, “घेणारी घरी गेल्यावर तो ओढून बघेलच ना?”

खोगीर गेले, अपेक्षेपेक्षा दोन डॉलर कमी किमतीस. त्या रात्री ती दुसरे खोगीर धूत बसली होती. पॉलिशकागद तिने आमच्या हाती दिला.