क्रियाविशेषण कोठे बसते?

'शी रॅन अप द हिल' म्हणजे ती धावत टेकडी चढली. 'शी रॅन अप अ बिल' म्हणजे तिने उधारी वाढवून ठेवली. दोन्ही वाक्यांची ठेवण वरवर एकच. आता त्यांत 'क्विकली' हे क्रियाविशेषण घालून पाहू. 'शी रॅन क्विकली अप द हिल' चालते. 'शी रॅन क्विकली अप अ बिल' मात्र इंग्रजी कानाला खटकते. पहिल्या वाक्यात 'अप'चे नाते टेकडीशी आहे. दुसऱ्यात 'रॅन अप' मिळून एकच क्रियापद, म्हणजे फ्रेझल व्हर्ब, झाले आहे. तेथे 'क्विकली'ने 'रॅन'च्या आधी यावे, नाहीतर वाक्याच्या शेवटी. आपणही 'दिवा पटकन बंद केला' म्हणतो, 'दिवा बंद पटकन केला' सहसा म्हणत नाही.

'राइट' हा शब्द मात्र मध्ये शिरतो. 'कम राइट बॅक', लगेच परत ये. येथे 'बॅक'चा 'परत' हा अर्थ शाबूत आहे. 'गिव्ह अप'मधल्या 'अप'मध्ये 'वर' काहीच उरलेले नाही. तेथे 'राइट'ला थारा नाही.

नियम पाठ करून घेण्यापेक्षा वाक्यांच्या अशा जोड्या फळ्यावर लिहाव्यात, असे आम्हाला वाटते. 'लुक्ड अप द चिमनी' आणि 'लुक्ड अप द वर्ड' या जोडीत 'केअरफुली' कोठे बसेल, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.